फा पा आणि १२ टन सोनं : एका जंगल-विहाराने देशाच्या तिजोरीसाठी मागितलेलं दान

१९९८ च्या एप्रिलमध्ये थायलंडच्या ईशान्येला उदोन थानी प्रांतातल्या एका जंगल-विहारातल्या वयोवृद्ध भन्तेंनी अख्ख्या देशाकडे दान मागितलं, आणि ते विहारासाठी नव्हतं, भिक्खूसंघासाठी नव्हतं, नवीन स्तूपासाठीपण नव्हतं, ते होतं देशाच्या सेंट्रल बँकेच्या तिजोरीसाठी. लुआंग ता महाबुआ त्यांचं नाव, वय तेव्हा ८४. पुढची सहा वर्षं ते प्रांतोप्रांती फिरले, लोकांनी गळ्यातल्या चेन, बोटातल्या अंगठ्या, जपून ठेवलेले डॉलर आणून दिले. मोहीम २००४ ला रीतसर संपली तरी सोनं येतच राहिलं आणि त्यांच्या हयातीत सगळं मिळून सुमारे १२ टन सोनं आणि १ कोटीहून जास्त अमेरिकी डॉलर बँक ऑफ थायलंडकडे जमा झाले. आणि हे सगळं झालं ते एका खूप जुन्या, साध्या पुण्यविधीच्या चौकटीत, ज्याला तिकडे फा पा म्हणतात.

हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याकडे महाराष्ट्रात आता वर्षावास (पावसाळ्यात भिक्खूंनी एकाच विहारात राहणं), कठीण चीवरदान (वर्षावासानंतर भिक्खूंना वस्त्र, म्हणजे चीवर देणं), पौर्णिमेचे कार्यक्रम गावोगावी होतात, चांगली गोष्ट आहे, पावतीपुस्तकं फिरतात, वस्तीतली माणसं पोटाला चिमटा काढून देतात, पण दिलेल्या दानाचं पुढे काय व्हायला पाहिजे आणि ते कोणी ठरवायचं यावर आपण धड बोलतच नाही. थायलंडमध्ये हाच प्रश्न एका विहारापुरता राहिला नाही, तो थेट सरकार आणि सेंट्रल बँकेपर्यंत गेला आणि तिथे त्याने एक कायदा अडवला. म्हणून जरा तपशिलात लिहितोय, घाई नसेल तर वाचा.

आधी फा पा म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण सगळा जीव तिथेच आहे. थायलंडसारख्या थेरवादी, म्हणजे बौद्ध धम्माची जुनी पाली परंपरा पाळणाऱ्या देशांत वर्षभर पुण्याचे दिवस असतातच. महिन्यातनं चार उपोसथ, म्हणजे दोन्ही अष्टम्या, पौर्णिमा आणि अमावास्या, त्याला थाई लोक वान फ्रा म्हणतात. त्या दिवशी म्हातारी माणसं पांढरे कपडे घालून विहारात येतात, अष्टशील घेतात, बरेच जण तिथेच मुक्काम करतात. मग मोठे दिवस, माघ पूजा, विशाख पूजा म्हणजे आपली बुद्ध पौर्णिमा, आषाढ पूजा, तिच्या दुसऱ्या दिवशी वर्षावास सुरू, आणि आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची समाप्ती. तिथनं कार्तिक पौर्णिमेपर्यंत बरोबर एक महिना कठीण चीवरदानाचा. कठीणचे नियम कडक आहेत. एका विहारात वर्षातनं एकदाच, निदान पाच भिक्खू पाहिजेत, वर्षावास तिथेच पूर्ण केलेला पाहिजे, आणि संघाने ते कापड एका भिक्खूला देऊन चीवर त्याच दिवशी तयार झालं पाहिजे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी एकटे भन्ते वर्षावासाला असतात आणि तरी बॅनरवर कठीण चीवरदान लिहिलेलं असतं, त्यावर जाणकार भन्ते बोलतात पण आयोजकांच्या कानावर ते पडतंच असं नाही, असो, तो वेगळा विषय.

फा पा याच्या उलट. त्याला महिना नाही, तिथी नाही, भिक्खूंच्या संख्येची अट नाही. वर्षात कधीही, कितीही वेळा, कुणीही करू शकतं. मूळ कल्पना पांसुकूल चीवराची. सुरुवातीच्या काळात भिक्खू स्मशानातलं, उकिरड्यावरचं टाकलेलं कापड उचलायचे, धुऊन रंगवून शिवून अंगावर घ्यायचे. लोकांना वाटायचं यांना चांगलं कापड द्यावं, पण हातात दिलं तर ते टाकलेलं कापड राहत नाही, मग लोक काय करायचे तर जंगलात भिक्खूच्या वाटेवर एखाद्या फांदीला कापड अडकवून निघून जायचे. आजही फा पा मध्ये बादलीत किंवा कुंडीत एक फांदी रोवतात आणि तिच्यावर चीवर टाकतात. खाली बादलीत साबण, टूथपेस्ट, काडेपेटी, तांदूळ, औषधं, आणि फांदीला बांबूच्या चिमट्यांत धरलेल्या नोटा, लांबनं बघितलं तर झाडाला पालवी फुटल्यासारखं दिसतं. मग भन्ते येतात, चीवराला हात लावतात आणि पालीत म्हणतात, "इमं पंसुकूलचीवरं अस्सामिकं मय्हं पापुणाति." म्हणजे हे बेवारस पांसुकूल चीवर माझ्याकडे आलं. देणारा कुणा एकाचं नाव घेऊन देत नाही, घेणारा कुणाकडनं घेतलं म्हणत नाही. त्यानंतर अनुमोदनाची गाथा, 'यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं', भरून वाहणाऱ्या नद्या जशा सागर भरतात तसं हे दान गेलेल्यांपर्यंत पोचो. लोक छोट्या भांड्यातनं पाणी ओततात, ते पाणी मग झाडाच्या मुळाशी नेऊन टाकतात, आणि सगळे साधू साधू साधू म्हणतात. 'इच्छितं पत्थितं तुम्हं' ही आशीर्वाद गाथा तर आपल्याकडे प्रत्येकाच्या कानावरची आहे, तीही त्यात येतेच.

आता फा पा ला तारखेचं बंधन नसल्यामुळे झालं काय, तर तो थाई समाजाचा वर्गणी गोळा करायचा सगळ्यात मोठा मार्ग झाला. विहाराचं छप्पर, शाळेची इमारत, गावातली पाण्याची टाकी, सगळ्यासाठी सामुदायिक फा पा. बँकॉकच्या कारखान्यात काम करणारी इसानची, म्हणजे ईशान्य थायलंडची पोरं ऑफिसात, रूमवर पाकिटं वाटतात, प्रत्येक जण त्यात २० बाट, १०० बाट (बाट म्हणजे थाई चलन) घालतो, मग सुट्टीला बस करून सगळे गावी जातात आणि ढोल वाजवत नाचत ते नोटांचं झाड विहारात नेतात. शहरातला पैसा गावात नेणारी ही सिस्टिम कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा जुनी आणि भरवशाची आहे. आणि तिचा भरवसा एका गोष्टीवर टिकून आहे, पाकिटावर कशासाठी ते छापलेलं असतं, आणि पैसा त्यालाच जातो.

आता १९९७. २ जुलैला थायलंडने बाट मोकळा सोडला, तोपर्यंत डॉलरला २५ बाट असा भाव वर्षानुवर्षं धरून ठेवलेला होता, तो वाचवायला सेंट्रल बँकेने जवळजवळ सगळा परकीय साठा घालवला. जानेवारी १९९८ पर्यंत डॉलर ५६ बाटच्या आसपास गेला. आयएमएफचं १७.२ अब्ज डॉलरचं पॅकेज आलं, डिसेंबर १९९७ मध्ये एका दिवसात ५६ फायनान्स कंपन्या कायमच्या बंद झाल्या. बँकॉकमध्ये अर्धवट उभ्या इमारतींचे सांगाडे पुढे कित्येक वर्षं तसेच होते. नोकऱ्या गेलेली माणसं इसानला आपापल्या गावी परत आली, आणि उदोन थानी त्याच इसानमध्ये. त्यामुळे हे संकट विहाराच्या दारात आलं ते पेपरातनं नाही, तर माणसांतनं आलं.

लुआंग ता महाबुआ यांच्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे. जन्म १२ ऑगस्ट १९१३, बान ताद गावातलं शेतकरी कुटुंब. १९३४ साली प्रव्रज्या घेतली, पाली शिकले म्हणून नावाला 'महा' लागलं, मग १९४२ पासून आचान मन यांच्याजवळ राहिले. आचान मन म्हणजे आधुनिक थायलंडच्या वनवासी परंपरेचे मूळपुरुष, जंगलात, गुहेत राहायचं, दिवसातनं एकदाच आणि तेही भिक्षापात्रातलंच खायचं, ध्यान करायचं. १९४९ मध्ये ते गेल्यावर काही वर्षांनी महाबुआ आपल्या गावाजवळ येऊन राहिले, तिथे वाट पा बान ताद हा विहार उभा राहिला. लोक त्यांना अर्हत मानायचे. लुआंग ता म्हणजे आजोबा भन्ते म्हणावं तसं, प्रेमाचं संबोधन. स्वभावाने मात्र रोखठोक, देसनेत, म्हणजे धम्म-प्रवचनात, कुणाची भीडभाड नाही. संकटाच्या आधीपासूनच विहाराला येणारं दान ते इस्पितळांची यंत्रं, ॲम्ब्युलन्स यावर लावायचे, विहार स्वतः साधा ठेवला, लाकडी कुट्या आणि झाडी.

पण इथे एक पेच आहे आणि श्रामणेर शिबिरात बसलेल्या कुणालाही तो लगेच दिसेल. दहा शीलांमधलं शेवटचं शील, जातरूपरजत पटिग्गहणा वेरमणी, सोनं-चांदी घ्यायचं नाही. भिक्खूंच्या २२७ नियमांतपण तो आहे, आणि वनवासी परंपरेत तो अगदी काटेकोर पाळतात. मग सोन्याला हात न लावणारा भिक्खू टनांनी सोनं गोळा कसं करणार?

उत्तर विनयातच, म्हणजे भिक्खूंच्या नियमांतच आहे. भिक्खू पैसा घेत नाही, स्वतःजवळ ठेवत नाही, उपासक ठेवतात आणि ठरल्या कामाला लावतात. लुआंग तांची सगळी रचना यावर उभी होती. देणारा सोनं आणतो, उपासकांची समिती मोजते, नोंदवते, वितळवायला पाठवते, आणि बँकेला सुपूर्द करते. भन्ते देसना देतात, अनुमोदन करतात आणि हिशोब मागतात. त्यांच्या त्या काळातल्या देसना ऐकल्या किंवा वाचल्या तर एक गोष्ट जाणवते, धम्मावर बोलता बोलता ते मध्येच आकडे सांगायला लागतात, आज इतकं सोनं आलं, इतके डॉलर आले, आत्तापर्यंत एकूण एवढं झालं. काही लोकांना ते खटकायचं, निब्बाणाबद्दल बोलणारा माणूस किलोचे आकडे काय सांगतो म्हणून. मला तर तो त्यांच्या देसनेचा सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. ज्याने अंगठी दिली त्याच्यासमोर एकूण बेरीज ठेवणं हे त्याच्या दानाला मान देणंच आहे.

नियमही साधे होते. सोनं आणि डॉलर, जसेच्या तसे, पूर्ण, देशाच्या राखीव साठ्यात. त्यातला एक गुंजही दुसरीकडे नाही, विहाराच्या कामालासुद्धा नाही. आणि बाटमध्ये आलेल्या रोख रकमेतनं सोनं विकत घ्यायचं किंवा इस्पितळं वगैरे लोकांची कामं करायची. एवढंच. हा नियम त्यांनी इतक्या वेळा इतक्या ठिकाणी बोलून दाखवला की तो मोडायची सोय कुणालाच उरली नाही, त्यांना स्वतःलापण नाही.

देणं प्रत्यक्ष कसं चालायचं ते बघण्यासारखं आहे. थायलंडमध्ये सोन्याचं वजनपण बाटमध्येच मोजतात, एक बाट म्हणजे दागिन्याला १५.१६ ग्रॅम, आपल्याकडे हल्ली १० ग्रॅमला तोळा धरतात त्या हिशोबाने दीड तोळा. दागिन्याचं सोनं ९६.५ टक्के शुद्ध, आपल्या २२ कॅरेटपेक्षा चोख. गावाकडच्या बाईची सगळी बचत म्हणजे एक बाटची चेन, नाहीतर अर्ध्या बाटची, पाव बाटची अंगठी. पिकाचा पैसा आला की घ्यायची, अडचण आली की मोडायची. भन्ते बाईच्या हातनं थेट काही घेत नाहीत, समोर कापड पसरलेलं असतं त्याच्यावर ठेवायचं. सोनं तर भन्ते तसंही घेणार नाहीत, ते समितीच्या ताटात जायचं. तर ती बाई येते, गुडघ्यावर बसते, तीन वेळा डोकं टेकते, चेन कपाळाला लावते, मनात काहीतरी म्हणते आणि ताटात सोडते. संकटाच्या वर्षात, जेव्हा मोडायला तेवढीच एक वस्तू घरात आहे, तेव्हा. हे सगळे दागिने मग वितळवून शुद्ध करून साडेबारा किलोच्या विटा केल्या जायच्या, म्हणजे जगभरच्या सेंट्रल बँका ठेवतात त्या मापाच्या. एका विटेत आठशेच्या वर चेन गेलेल्या असणार, दीड तोळ्याची एक धरली तर. आणि वीट झाल्यावर कुणाची कुठली हे कुणालाच सांगता येत नाही, फांदीवरच्या त्या चीवरासारखं.

याच सुमाराला कोरियातपण लोकांनी सोनं दिलं होतं हे बऱ्याच जणांना आठवत असेल. १९९८ च्या सुरुवातीला सुमारे ३५ लाख लोकांनी २२० टनांच्या वर सोनं आणून दिलं, लग्नातल्या अंगठ्यासुद्धा. पण दोन्हींत फरक आहे. कोरियात मोहीम कंपन्या, टीव्ही आणि सरकारने मिळून चालवली, बहुतेकांना बदल्यात वॉनमध्ये पैसे मिळाले, आणि ते सोनं परदेशी विकून डॉलर आणले. म्हणजे ती देशभक्तीची खरेदी-विक्री होती, आणि वाईट अर्थाने म्हणत नाही मी, खूप मोठं काम होतं ते. थायलंडमध्ये देणाऱ्याला काहीच परत मिळालं नाही, आणि सोनं विकायचं नाही, ठेवायचं, अशी अट होती. दान होतं ते.

आता रोकडा प्रश्न, देश वाचला का त्याने? नाही. तेव्हाच्या भावाने १२ टन सोनं म्हणजे साधारण ११ कोटी डॉलर, आयएमएफच्या पॅकेजच्या एक टक्कासुद्धा नाही. थायलंड सावरला तो मुख्यतः स्वस्त झालेल्या बाटमुळे निर्यात वाढली म्हणून, आणि जुलै २००३ मध्ये आयएमएफचं कर्ज मुदतीच्या आधी फेडून टाकलं. पण सेंट्रल बँकेच्या सोन्याच्या साठ्याच्या हिशोबात बघितलं तर चित्र वेगळं दिसतं, तेव्हा बँकेकडे ७५-८० टनांच्या आसपास सोनं होतं, त्यात लोकांच्या गळ्यातनं निघालेलं १२ टन. जगात दुसऱ्या कुठल्या सेंट्रल बँकेच्या सोन्यात पुण्यविधीतनं आलेला एवढा वाटा असेल असं मला वाटत नाही.

आणि आता प्रकरणाचा खरा गाभा. २००० साली तेव्हाचे पंतप्रधान चुआन लीकपाई यांच्या सरकारने बँक ऑफ थायलंडची खाती एकत्र करायचा प्रस्ताव आणला. हे जरा किचकट आहे पण समजून घेण्यासारखं आहे. बँकेत दोन वेगळे विभाग, एक नोटा छापणारा, ज्याच्याकडे चलनाच्या पाठीशी असलेला राखीव साठा, आणि दुसरा बँकेचा रोजचा व्यवहार बघणारा. १९५८ च्या चलन कायद्याने पहिल्याचा साठा वेगळा ठेवलेला, त्याला सहज हात लावता येत नाही. १९९७ च्या संकटात नुकसान झालं ते दुसऱ्या बाजूला, शिवाय बुडालेल्या फायनान्स कंपन्यांच्या ठेवीदारांना वाचवणाऱ्या फंडाचा तोटा सुमारे १.४ लाख कोटी बाट. पहिल्या विभागाच्या खात्यात मात्र मोठं शिल्लक. अर्थतज्ज्ञ म्हणाले एकच बँक आहे, दोन खिसे कशाला, एकत्र करा, एका बाजूच्या नफ्याने दुसऱ्या बाजूचा तोटा भरून निघेल, जगात बहुतेक ठिकाणी तसंच असतं. हिशोबाच्या दृष्टीने हे म्हणणं काही खुळचट नव्हतं, हे मान्य करायला पाहिजे.

लुआंग ता उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की तो साठा म्हणजे खलांग लुआंग, देशाची मूळ तिजोरी, पूर्वजांनी साठवलेली, आणि आता त्यात लोकांनी पुण्य म्हणून दिलेलं सोनं आहे. ज्यांनी पैसा बुडवला त्यांच्या तोट्याला ते जोडायचं नाही. थाई लोकांना यात एक जुनी गोष्ट लगेच आठवली. थायलंडचा राजा तिसरा राम याने व्यापारातनं मिळालेला पैसा लाल पिशव्यांत भरून ठेवला होता, आणि १८९३ मध्ये फ्रेंच गनबोटी बँकॉकच्या नदीत घुसल्यावर जो दंड भरावा लागला त्याला तो कामी आला, अशी ती गोष्ट, देश सोडवायला ठेवलेला पैसा. लुआंग तांच्या देसना, सह्यांच्या मोहिमा, भिक्खू-उपासकांच्या सभा, हे सगळं मिळून इतका दबाव आला की ते विधेयक पुढे गेलंच नाही. जानेवारी २००१ च्या निवडणुकीत चुआन यांचा पक्ष हरला, अर्थात त्याची कारणं आणखीही होती.

यात मला दिसतं ते असं. फा पा च्या पाकिटावर छापलेलं असतं 'शाळेच्या छपरासाठी', आणि गाव ते पाळतं. लुआंग तांनी तेच पाकीट देशाच्या आकाराचं केलं, त्यावर लिहिलं 'राखीव साठ्यासाठी'. सरकारला वाटलं सोनं एकदा बँकेत आलं म्हणजे ते बँकेचं, खातं कुठलं हा अकाउंटंटचा प्रश्न. पण ज्या बाईने कपाळाला लावून चेन सोडली तिच्यासाठी तो खात्याचा प्रश्न नव्हता, तिने ज्यासाठी दिलं ते बदललं तर तिचं दानच कुणीतरी बदलत होतं, तिला न विचारता. दान देताना मालकी सुटते पण हेतू सुटत नाही, तो घेणाऱ्याच्या मानेवर बसतो. थेरवादी समाजात हे विहारातल्या प्रत्येक माणसाला कळतं कारण विनयातच तसं आहे, एका संघाला म्हणून दिलेलं जाणूनबुजून दुसरीकडे वळवणं हा दोष आहे. अर्थ खात्यातल्या शिकलेल्या लोकांना मात्र ते कळलं नाही, निदान वेळेवर नाही.

टीका झालीच, आणि ती सगळी चुकीची नव्हती. भिक्खूने राजकारणात पडू नये, हा एक मुद्दा. लुआंग तांनी २००१ च्या सुमाराला त्याच वर्षी पंतप्रधान झालेल्या थाक्सिन यांना उघड पाठिंबा दिला आणि २००५ मध्ये त्यांच्यावरच इतकी जहरी टीका केली की ती छापणाऱ्या वर्तमानपत्रावर थाक्सिन यांनी ५० कोटी बाटचा दावा ठोकला, भन्तेंवर मात्र नाही. एवढा मान असलेल्या माणसाने एखाद्या नेत्याबद्दल बोललं की त्याचा परिणाम मतपेटीवर होणारच, आणि लोकशाहीत ते अडचणीचं आहे, मलापण ते पटत नाही. दुसरा मुद्दा असा की गरिबांनी सोनं द्यायचं आणि पैसा बुडवणारे मोकळे, हा कुठला न्याय. याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यांच्या देसनेत श्रीमंतांना झोडपणं होतं, पण विटेत सगळ्यांचं सोनं सारखंच वितळलं, बुडवणाऱ्यांचं किती होतं आणि चेन देणाऱ्यांचं किती ते कुणी वेगळं मोजलं नाही.

पुण्य हा शब्द आपल्यातल्या बऱ्याच जणांना खटकतो हेही खरं, आणि त्याला कारण आहे, पिढ्यान् पिढ्या पाप-पुण्याच्या नावावर आपल्याला काय काय सोसायला लावलं ते माहिती आहे. म्हणून कुणी बौद्ध देशातला दानविधी दाखवला की आपण लगेच म्हणतो हे कर्मकांड. मला वाटतं इथे बाबासाहेबांचा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. त्यांनी विचारलं होतं की भगवान बुद्धांनी भिक्खू निर्माण केला तो स्वतःपुरता परिपूर्ण माणूस म्हणून, की समाजसेवक म्हणून? आणि त्यांचं स्पष्ट मत होतं की नुसता परिपूर्ण माणूस धम्माच्या प्रसाराच्या काही कामाचा नाही. लुआंग ता महाबुआ म्हणजे त्या पहिल्या प्रकारातला अगदी टोकाचा माणूस, पन्नास वर्षांहून जास्त जंगलात ध्यान करणारा, आणि वयाच्या ८४ व्या वर्षी तो बाहेर पडून दुसऱ्या प्रकारातलं काम करायला लागला. आणि गंमत नाही, खरं सांगतोय, त्यांना ते करता आलं ते पहिल्या प्रकारातले होते म्हणूनच. ज्याने आयुष्यभर सोन्याला हात लावला नाही त्याच्याच हवाली लोकांनी सोनं केलं. मंत्र्याने मागितलं असतं तर मिळालं नसतं. त्याच काळात बँकॉकजवळच्या एका खूप मोठ्या विहारावर देणग्यांच्या व्यवहारावरनं आरोप होत होते, म्हणजे भगवं चीवर बघून लोक आंधळेपणाने देत होते असंही नाही.

आपल्याकडचा संबंध जोडायचा तर २०२३ च्या सुरुवातीला थायलंडहून आलेले शंभरावर भिक्खू परभणीहून चैत्यभूमीपर्यंत पायी चालत गेले तेव्हा रस्त्यारस्त्याने आपल्या लोकांनी केलेलं स्वागत खूप जणांनी बघितलं असेल. आपल्या कितीतरी विहारांत थायलंडहून दानात आलेल्या मूर्ती आहेत. मूर्ती आपण आणल्या, चीवरदान आणलं, वर्षावासाची शिस्त हळूहळू येतेय. तिकडची एक सवय मात्र आणायची राहिली, ती म्हणजे प्रत्येक पौर्णिमेला, वंदना झाल्यावर, माइकवर उभं राहून सांगणं की मागच्या वेळी बांधकामासाठी एवढे आले होते, एवढे बांधकामाला गेले, एवढे शिल्लक आहेत आणि ते बांधकामाचेच आहेत, मंडपवाल्याला त्यातनं दिलेले नाहीत. कार्यक्रम अंगावर आला की बांधकामाच्या पैशातनं मंडप होतो, पुढच्या वर्षी भरून काढू म्हणतात, कुणाच्या मनात वाईट नसतं. पण ज्या आजीने पेन्शनमधनं पाचशे रुपये विटांसाठी दिले तिला कुणी विचारलेलं नसतं.

लुआंग ता ३० जानेवारी २०११ ला गेले, ९७ व्या वर्षी. त्यांनी मृत्युपत्र करून ठेवलं होतं आणि त्यात आपल्या अंत्यविधीला येणाऱ्या दानाचाच बंदोबस्त होता, कारण त्यांना माहिती होतं की आपण गेल्यावर लाखो लोक येणार आणि हात रिकामे ठेवून येणार नाहीत. सोनं आलं तर वितळवून राखीव साठ्यात, रोख आली तर तिचं सोनं घेऊन तेही साठ्यात. विहाराला त्यातनं काही नाही. ५ मार्चला दहन झालं, तोपर्यंत महिनाभर लोकांची रीघ लागलेली होती, आणि ताटात चेन, अंगठ्या पडत होत्या, तशाच, कपाळाला लावून. त्याच्याही विटा झाल्या आणि लिहून ठेवल्याप्रमाणे बँकेकडे गेल्या.